परक्या हाताचं तेल

मिस्त्रीबाईचं सायकलचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वडिलांनी ते उभं केलं, त्यांच्यामागे तिने चालवलं. सुरुवातीला लोक आत डोकावून "मिस्त्री कुठे आहेत?" असं विचारायचे आणि ती हातातला पाना न ठेवता म्हणायची, "समोर उभे आहेत." वीस वर्षांनी आता तसं कुणी विचारत नसे. वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ करावं तर तिनेच, आणि चेनच्या बाबतीत तर तिचा शब्द शेवटचा.

चेनच्या तेलावरून ती गिऱ्हाइकाचं डोकं खायची. "तेल ते तेल, त्यात काय एवढं?" असं कुणी म्हणालं की संपलंच. धुळीच्या कोरड्या दिवसांत मेणाचं तेल लावायचं, ते वाळून बसतं आणि धूळ धरत नाही. पावसात घट्ट तेल, पाण्याने सहज धुऊन न जाणारं. कडाक्याच्या थंडीत पातळ, कारण घट्ट तेल थंडीत आळतं आणि पायडल मारून मांड्या भरून येतात. आणि तेल कुठलंही असो, थेंब पडला पाहिजे कडीच्या आत, रोलरवर. बाहेर सांडलेलं फडक्याने पुसून टाकायचं, नाहीतर तिथे धुळीचा लगदा होतो. हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय ती कुणाला सायकल परत देत नसे.

तिचा नवरा पाण्याची मीटरं वाचायचा. दिवसभर सायकलवर गल्ल्या पालथ्या घालायच्या, झाकणं उचलायची, आकडे टिपायचे. दर रविवारी सकाळी ती त्याची सायकल उलटी करून चेन पुसायची, हवामान बघून तेल घालायची. तो उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसायचा आणि आठवडाभराची घरं सांगायचा. कोणाच्या मीटरवर मांजर व्यायली, कोण आजोबा त्याला पाहुणा समजून आत बसवतात. आतून सासूबाई ओरडायच्या, "अरे, तिला काम करू दे, तुझं आकाशवाणी केंद्र बंद कर." मूलबाळ नव्हतं, पण घरात हसू भरपूर होतं. गोड बोलणं मिस्त्रीबाईला जमत नसे. रविवारचा तो तास म्हणजेच तिचं बोलणं, आणि ते त्याला समजतं असं ती धरून चालली होती.

अशाच एका रविवारी, ऐन धुळीच्या दिवसांत, तिने चेनवर फडकं फिरवलं आणि तिचा हात थांबला. फडक्यावर काळा चिकट लगदा आला होता. मागच्याच रविवारी तिने मेणाचं तेल लावलं होतं, चेन करडी आणि कोरडी असायला हवी होती. तिने बोट लावून वास घेतला. पातळ, स्वच्छ, बिनरंगी तेल. शिवणयंत्राचं. आणि लावणाऱ्याने ते कड्यांच्या बाहेरून, दोन्ही बाजूंनी, अगदी मनापासून चोपडलं होतं.

तो उंबऱ्यावर बसून काहीतरी सांगत होता. तिने विचारलं, "चेनला कुणी तेल लावलं का?"

"नाही बुवा. का?"

"काही नाही."

रॉकेलमध्ये चेन बुडवून तिने ती ब्रशने घासली, वाळवली, पुन्हा मेणाचं तेल भरलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. दर आठवड्याला ती ते तेल धुऊन काढायची आणि आठवडाभरात कुणीतरी ते परत लावायचं. मनातल्या मनात तिने शंभर कारणं लावून पाहिली. ऑफिसातल्या कुणी मित्राने लावलं असेल, रस्त्यात कुरकुरली म्हणून कुणाकडे मागितलं असेल. पण एखादा मित्र असा दर आठवड्याला, दर कडीवर, इतक्या मायेने तेल लावत नाही. काम कुणी उरकलंय आणि कुणी जीव लावून केलंय, एवढं तिला कळत होतं. जन्म त्यातच गेला होता.

चौथ्या रविवारी तिने सायकल उलटी केलीच नाही. सासूबाई देवळात गेल्या होत्या. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"कोण आहे ती?"

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. खोटं बोलला असता तर तिने कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण या वेळी तो खोटं बोलला नाही.

"कपडे शिवते. कालव्याच्या पलीकडे राहते. एकटीच असते."

"किती दिवस?"

"वर्ष होईल."

"चेनला तेल तीच लावते?"

त्याने मान हलवली.

"तुम्ही तिला सांगितलं नाही, घरी बायको हेच काम करते म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "ती म्हणाली, एक थेंब माझाही असू दे."

मिस्त्रीबाई उठली आणि मोरीवर जाऊन हात धूत बसली. हात स्वच्छच होते. साबण लावत होती, धूत होती, पुन्हा लावत होती. तिला राग येत नव्हता आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. आपण सोळा वर्षं जे केलं ते याला नुसतं सायकलचं काम वाटलं, आणि तिने चुकीचं तेल चुकीच्या जागी लावलं तरी त्यातलं मन याला दिसलं. एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

आठ दिवसांनी तो दोन पिशव्या सायकलला अडकवून गेला. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू जा. मी कुठेही येणार नाही. माझं घर हे आहे." त्यानंतर त्यांनी मुलाचं नाव काढलं नाही. सून-सासू दोघी जेवायला बसत, आमटीत मीठ कमी की जास्त एवढंच बोलत. रविवारी सकाळी सासूबाई चहाचे दोनच कप भरत आणि मिस्त्रीबाई बाहेर कुणाचं तरी पंक्चर काढत असे.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा एक बाई सायकल ढकलत दुकानापाशी आली. चाळिशीची, सडपातळ, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली. मिस्त्रीबाईने आधी सायकल ओळखली. चेन गंजून लाल झाली होती.

"ताई," ती बाई म्हणाली आणि सायकलचं हँडल धरून उभी राहिली.

"लाव इथे," मिस्त्रीबाई म्हणाली. "काय झालं?"

"चेन उडाली. परवा, चढावर. ते पडले."

मिस्त्रीबाईच्या हातातला पाना खाली पडला. "कुठे लागलं?"

"मनगट मोडलंय, उजवं. प्लास्टर घातलंय. डोक्याला काही नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दीड महिना." टेलरबाईचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे झालं, ताई. मी रोज तेल लावत होते. मला वाटलं, जास्त लावलं की चांगलं. ते म्हणाले, तिच्याकडे जाऊ नकोस, ती काही सांगणार नाही. मी म्हटलं, विचारून तर बघते."

तिला हाकलून द्यायला काहीच हरकत नव्हती. गल्लीतल्या कुणीही मिस्त्रीबाईला नावं ठेवली नसती. तीही क्षणभर तोच विचार करत उभी राहिली. पण डोळ्यांसमोर सारखा तो चढ येत होता, आणि दीड महिन्यानंतर तो पुन्हा याच सायकलवर बसणार होता.

"बस त्या स्टुलावर," ती म्हणाली.

तिने जुनी चेन काढून टाकली आणि नवी बसवली. मग एकेक बाटली समोर ठेवत सांगू लागली, तसंच, जसं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. "मशीनचं तेल मशीनला. ते पावसात टिकत नाही, एका सरीत धुऊन जातं. आत्ता हे घट्ट तेल. पाऊस थांबला, धूळ उडायला लागली, की चेन रॉकेलने धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच हे मेणाचं. आधीच्या तेलावर लावलं तर बसत नाही. थंडीत हे पातळ. एका रोलरवर एक थेंब. पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग बाहेरून पुसून काढायचं."

"सगळं पुसायचं?"

"बाहेरचं सगळं. आत गेलंय तेवढं पुरतं."

टेलरबाईने पिशवीतून वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही होती ती, छाती, कंबर, बाही. एका कोऱ्या पानावर तिने सगळं लिहून घेतलं. अक्षर सुबक होतं. मिस्त्रीबाईने तिचा हात धरून पहिले चार-पाच थेंब घालून घेतले. तो हात थंड होता, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. नंतर ती एकटीनेच घालू लागली. जीभ दातांत धरून, एकेक कडी मोजत. मिस्त्रीबाई बघत राहिली. ही बाई वाईट असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"त्यांना रात्री दुखतं का?" तिने शेवटी विचारलं.

"दुखतं. पण सांगत नाहीत. उगाच विनोद करत बसतात."

"हो. तसेच आहेत ते. गोळी घेतली की नाही हे विचारू नकोस, समोर बसून दे."

टेलरबाईने तेही वहीत लिहिलं.

ती गेल्यावर सासूबाई आतल्या दारातून पुढे आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. भिंतीला धरून त्या उभ्या राहिल्या, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मुलाबद्दल बोलल्या.

"उजवा हात म्हणाली ना? जेवतो कसा मग?"

"ती भरवत असेल."

सासूबाईंनी पदर खांद्यावर घेतला. "मी गेले तर तुला चालेल का गं? बघून येते फक्त. राहणार नाही."

"जा की आई. तुमचा मुलगा आहे तो." मिस्त्रीबाईने त्यांची छत्री काढून दिली. "कालव्यावरचा पूल ओलांडलात की डावीकडे तिसरं घर. खिडकीत मशीन दिसेल. दाराला पायरी उंच आहे, सांभाळून चढा."

"तुला कसं माहीत?"

तिने वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. सासूबाई मग थांबल्या नाहीत. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायरी उतरल्या.

गल्लीच्या टोकाशी छत्री दिसेनाशी होईपर्यंत मिस्त्रीबाई दारात उभी होती. मग भर दुपारी तिने दुकानाचं शटर खाली ओढलं, अंधारात स्टुलावर बसली, आणि इतक्या महिन्यांचं जे आत राहिलं होतं ते बाहेर आलं. ती मोठ्याने रडली. बाहेर कुणीतरी दोनदा घंटी वाजवली, थोडा वेळ वाट पाहिली आणि पंक्चर चाक ढकलत निघून गेलं.