भिंतीवरचे हात

नवघरच्या त्या इमारतीत उंदीर फार झाले, आणि समाधानला जुना टॉर्च खोलायला निमित्त मिळालं.

तो मीरा रोडला एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं आणि सुट्टीला खिडकीपाशी पेपर पसरून काहीतरी उघडायचं, हा त्याचा क्रम. उंदीर जिथून जातात तिथले डाग जांभळ्या उजेडात चमकतात, हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. तसला टॉर्च विकत आणण्यापेक्षा घरातल्याच टॉर्चमध्ये पांढऱ्याऐवजी जांभळा एलईडी बसवायचा त्याने ठरवलं.

"नवा घेतला असता तर आत्तापर्यंत उंदीर पळाले असते," स्नेहल म्हणाली. ती त्याची बायको. शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती.

टॉर्चचं तोंड गोंदाने पक्कं बसवलेलं होतं. समाधानने ते गरम पाण्यात धरलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि पकडीने जोर लावला. करकर करत आटे सुटले. आतली जुनी एलईडीची चकती त्याने सोल्डरिंग गनने तारा सोडवून काढली. नवी चकती केसभर मोठी होती, ती कानशीने घासली. तार रिफ्लेक्टरला टेकू नये म्हणून कागदाची गोल चकती कापून मध्ये घातली. पुढच्या साध्या काचेच्या जागी दिसणारा उजेड अडवणारी काळी काच बसवली. बटण दाबलं तर काहीच दिसेना. फक्त एक मंद जांभळी छटा. मग त्याने टॉर्च खुंटीवरच्या शर्टाकडे वळवला आणि शर्ट निळापांढरा पेटल्यासारखा उजळला.

"कपड्याच्या पावडरीने होतं ते," तो खूश होऊन म्हणाला. "डोळ्यांत मात्र मारायचा नाही हां. वाईट असतो."

समाधानची आई आतल्या खोलीत पडून होती. वैजयंताबाई. परभणीहून येऊन तिला वर्ष होत आलं होतं. नवरा गेल्यावर गावी एकटीला ठेवायचं कसं, म्हणून समाधानने तिला इकडे आणलं. कपडे ती हातानेच धुवायची. मशीनने मळ निघत नाही म्हणायची.

संध्याकाळी दिवे घालवून, पडदे ओढून दोघांनी स्वयंपाकघर तपासलं. ओट्याखाली डागांची एक रांग सापडली, सिलिंडरमागे बीळ सापडलं. समाधान उठला आणि टॉर्च हातातच असल्यामुळे उजेड पॅसेजच्या भिंतीवर गेला.

भिंतीवर हात होते.

उजव्या हाताचे पंजे, पसरलेल्या बोटांचे, खांद्याएवढ्या उंचीवर. एकापुढे एक, फिकट निळे. आतल्या खोलीपासून निघून बाहेरच्या दारापर्यंत गेलेले.

"हे काय आहे?" स्नेहलने त्याचा दंड धरला.

"जुने असतील. आधीच्या भाडेकरूंचे."

"दिवाळीला रंग काढला ना आपण?"

त्याने दिवा लावला. भिंत स्वच्छ, पिस्ता रंगाची. दिवा घालवला की हात परत. शेवटी ओलं फडकं घेऊन दोघांनी सगळी भिंत पुसून काढली, पुन्हा टॉर्च मारून हात गेल्याची खात्री केली, आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या समाधानने पडदे ओढले. हात परत आले होते. त्याच उंचीवर, त्याच दिशेने.

"आई, दुपारी घरात कोणी येतं का?" स्नेहलने आत जाऊन विचारलं.

"कोण यायलंय बाई? दार लावूनच असते मी." ती बुद्धाच्या मूर्तीपुढे बसली होती. मेणबत्ती लावण्यासाठी काडी वातीजवळ नेत होती आणि काडी वातीच्या बाजूनेच जात होती. स्नेहलच्या ते लक्षात आलं नाही. तिचं सगळं लक्ष बाहेर होतं, कारण समाधानने दार उघडलं होतं आणि तो म्हणत होता, "इकडे ये. जिन्यातही आहेत."

जिन्यातला बल्ब कित्येक दिवस गेलेलाच होता. हात खाली उतरले नव्हते, वर चढले होते. दोघं त्यांच्या मागोमाग गेली. चौथ्या मजल्याच्या वळणावर एक पंजा जरा घसरलेला होता, बोटं लांबलचक ओढलेली. स्नेहलने त्याच्याशेजारी आपला हात लावून बघितला आणि लगेच काढून घेतला.

गच्चीवर सूर्य बुडून गेला होता. मिठागरांच्या बाजूला थोडा उजेड उरला होता. समाधानने टॉर्च कठड्यावर धरला. हात कठड्याच्या माथ्यावरून चालले होते, दोरीला लागून, शेवटच्या कोपऱ्याकडे. दोरीवर त्याचे दोन शर्ट आणि स्नेहलची ओढणी वाळत होती.

"कपडे तर आई वाळत घालतात," स्नेहल हळूच म्हणाली. "पावडरीचे हात. आईच आहेत या, समाधान."

त्याला हायसं वाटलं. हसूही आलं. आणि मग तो पुढे बघत तसाच थांबला.

दिवाळीनंतर नवी टाकी वर चढवताना सोसायटीने कठड्याचा एक भाग फोडला होता. माणूस आडवा झोपेल एवढा. बांधू बांधू म्हणून तो तसाच राहिला होता. आडवे लावलेले बांबूही कोणीतरी नेले होते. पंजे त्या भगदाडाच्या काठापर्यंत आले होते. पुढे चार मजल्यांखाली वॉचमनच्या खोलीचे पत्रे. आणि भगदाडाच्या पलीकडून पंजे पुन्हा सुरू झाले होते. ना कुठे घुटमळलेले, ना मागे वळलेले. मध्ये जणू काही तुटलेलंच नव्हतं.

स्नेहलने त्याला मागे ओढलं.

ती दोघं उतरली तेव्हा आई दारात उभी होती, उजवा हात चौकटीवर ठेवून. "कुठं गेलता रे? काय शोधायलाव दोघं?"

समाधानच्या हातातला टॉर्च चालूच होता. उजेड क्षणभर तिच्या चेहऱ्यावर गेला आणि तिचे डोळे पेटले. बुबुळांच्या जागी दोन दुधाळ, हिरवट चकत्या. त्या त्याच्याकडे वळलेल्या होत्या, पण त्याला बघत नव्हत्या. त्याने झटक्यात टॉर्च बंद केला.

"आई," तो म्हणाला, "तुला दिसत नाही?"

"दिसतंय की. उजेड दिसतोय. माणूस सावलीवानी दिसतंय."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कामावर गेला असतास का? इथं सगळं पाठ झालंय मला. भिंतीला हात लावला की झालं."

स्नेहलने तिला आत आणून पलंगावर बसवलं. तिचे हात हातात घेतले. बोटांच्या टोकांना काडीने भाजल्याचे बारीक डाग होते.

"आई, गच्चीत तो कठडा जिथं फुटलाय," समाधानने विचारलं, "तिथं काय धरत होतीस तू?"

"कुठं फुटलाय?"

"कोपऱ्याच्या अलीकडे. टाकीसमोर."

"तिथं कठडा हाय की." ती त्याला समजावल्यासारखं बोलली. "उन्हानं सगळा कठडा तापतो, हात ठेववत न्हाई. तिथं तेवढा गार असतो. मी तिथं घटकाभर टेकते बी."

समाधान आणि स्नेहलने एकमेकांकडे पाहिलं.

मोतीबिंदू पिकले होते. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पट्टी निघाल्यावर आईने समाधानला जवळ बोलावून नीट बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे." ऑफिसातून रजा घेऊन त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागून भगदाड बांधून घेतलं. वर प्लास्टर झालं, रंग झाला. आता अनोळखी माणसाला तिथे काही होतं हे कळणारही नाही.

आई चष्मा लावून पुन्हा कपडे वाळत घालायला जाते. सुट्टीच्या दिवशी स्नेहल सोबत असते. दोरीच्या कडेने आई झपझप चालते, भिंतीला हात लावत नाही. फक्त टाकीसमोर आली की बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेते आणि जराशी बाजूला सरते, अरुंद वाटेत समोरून कोणी आलं की आपण सरतो तशी. मग पुढे जाते.

स्नेहलने तिला त्याबद्दल अजून विचारलेलं नाही.