बियाण्याचा दोडका

मिलिंदने तिसरी चादर टोमॅटोंवर टाकली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि दोन पावले मागे जाऊन पाहिले. मग एक वीट उचलून पुन्हा तिथेच ठेवली. रात्री पारा शून्याखाली जाणार, असे दुपारपासून फोन चारदा सांगून चुकला होता. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. कॅनडातल्या रेजिनात यात नवल काही नाही. पण एकतीस वर्षे प्रांत सरकारच्या रस्त्यांची काळजी वाहिलेल्या या इंजिनियरला आज चार वाफ्यांनी घाम फोडला होता.

डेकवरच्या खुर्चीशेजारी त्याचा चहा साय धरून बसला होता. मे महिन्यात निवृत्त झाल्यावर ठरले होते ते हेच, की उन्हाळाभर संध्याकाळी दोघांनी इथे बसायचे, चहा घ्यायचा आणि बाग बघायची. जूनमध्ये रोपे जमिनीत जातात न जातात तोच नागपूरला लताची आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचे हाड मोडले. लता एकुलती एक, ती दुसऱ्याच दिवशी निघाली. परतीचे तिकीट आधी दहा ऑगस्टचे होते, मग अठ्ठावीसचे झाले, आणि आता ती तारीखच सांगत नव्हती. आईच्या गोळ्या, भिंतीला आलेली ओल, सगळे भरभरून बोलायची, पण तिकिटाचा विषय निघाला की ताकास तूर लागू द्यायची नाही.

"तुम्हीच या ना इकडे," जुलैत ती एकदा म्हणाली होती.

"आणि बागेला पाणी कोण घालणार?"

हा प्रश्न मिलिंदला इतका बिनतोड वाटला, की पुढे त्याने तो आणखी दोनदा वापरला. खरे म्हणजे सासुरवाडीत महिनोन्महिने पाहुण्यासारखे बसून राहायची त्याला धास्ती वाटत होती. तिथे त्याला काम नाही, गाडी नाही, चार ओळखीची माणसेही उरलेली नाहीत. हे त्याने बायकोला सांगितले नव्हते, आणि स्वतःलाही नीटसे नाही.

व्हिटबीहून लेकीचा, ऊर्मीचा मेसेज आला. 'बाबा, रिलॅक्स. एंजॉय द गार्डन.' तिला काय जाते सांगायला! त्याने फोन खिशात टाकला आणि चौथी चादर घेऊन कुंपणाकडे गेला.

कुंपणावर दोडक्याचा वेल होता. वेलाच्या मध्यावर, पानांआड, लाल दोरा बांधलेला एक दोडका लोंबत होता. बावीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी पुडीत बांधून दिलेले ते बी. तेव्हापासून लता दरवर्षी सगळ्यांत चांगला दोडका पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी राखायची. दोरा बांधला की त्याला हात लावायचा नाही. एकदा पाहुणे येणार म्हणून मिलिंदने नेमका तोच चिरला होता. लता दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

चादर पुरेना. वरून ओढली की खालून उघडे पडायचे. इतक्यात खिशातला फोन वाजला. साडेसहा झाले होते, म्हणजे नागपुरात सकाळचे सहा.

"काय करून राहिले?" लताने विचारले. तीन महिन्यांत तिची बोली पुन्हा पक्की नागपुरी झाली होती.

"झाकतोय. फ्रॉस्ट आहे आज. टोमॅटो झाले, मिरचीच्या कुंड्या बेसमेंटमध्ये नेल्या. दोडक्याचंच जमत नाहीये."

"किती झाकाल?"

"अगं, बियाण्याचा आहे ना. वेलावरच राहू देऊ की तोडून आत आणू?"

बोलणी खायच्या तयारीने तो उभा राहिला. पलीकडे सासूबाई खोकल्या.

"तोडा," ती म्हणाली. "कोवळा असला तर भाजी करून घ्या."

"दोरा बांधलेला?"

"हो. तोच."

तिकिटाचे मग त्याने विचारलेच नाही; पुढच्या वर्षीचे बीच तिला नको होते. चादर हातातच राहिली. मागे टोमॅटोंवर तीन चादरी विटांखाली चापूनचोपून बसल्या होत्या, आणि सकाळी त्यांच्याखाली काय उरणार, हे त्यालाही ठाऊक होते. आज नाही तर आठवड्याने. पाणी घालायला काही राहणारच नव्हते. त्याला एकदम फार एकटे वाटले.

खिशातल्या कात्रीने त्याने दोडका देठासकट कापला. हाताला तो चांगला जड लागला. सालीवर नख दाबून पाहिले. नख रुतले नाही, चांगला निबर झाला होता.

"लता, ऐकतेस ना?"

"बोला."

"तिकडे दोडका कधी लावतात?"

"एक पावसाळ्यात. नाहीतर मग जानेवारीत. काहून?"

"जानेवारीपर्यंत सुकेल हा," मिलिंद म्हणाला. "येताना बी घेऊन येतो."

"खिडकीत नका ठेवू, बुरशी धरते," लता म्हणाली. "फर्नेसजवळ उबेला टांगा. आणि तो दोरा सोडू नका, सांगून ठेवते."

"नाही सोडत," असे म्हणत तो दोडका घेऊन घरात गेला. चौथी चादर कुंपणापाशीच पडून राहिली.