विहिरीमागची मिरचीची थाळी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी थाळी आहे, मिरची वाटायची. आमच्या जावा बेटावर मला चोबेक म्हणतात. मेरापी डोंगराच्या पोटात आग उठली तेव्हा त्याने जे ओकलं, त्यातलाच मी एक तुकडा. पाथरवटाने मला खोलगट केलं. सुगिमान शिंप्याच्या आईने बाजारात सगळ्या थाळ्या ठोकून पाहिल्या आणि मलाच उचललं. म्हातारीला पारख होती.

त्या घरात माझा मान मोठा. मिरची, लसूण, मीठ माझ्यात पडलं की शेजारी शिंकायचे. म्हातारीची सुनेला एकच ताकीद होती, "हिला साबण लावायचा नाही. हिची चव हिच्या अंगात आहे." सून वार्सिनीने म्हातारी गेल्यावरही ती पाळली. इतक्या वर्षांचं तिखट माझ्या भोकाभोकांत मुरलं. मला त्याचा गर्व होता. आजही आहे.

सुगिमान सकाळीच शिलाई मशीनवर बसायचा. रिकाम्या पोटी काळी कॉफी, वर तळलेली भजी, आणि प्रत्येक भज्याबरोबर एक कच्ची मिरची. दुपार टळली की वार्सिनी विचारायची, "जेवलात का?"

"कुठे जेवलो? सकाळपासून पोटात काही नाही."

"मग ती भज्यांची परात काय मांजराने चाटली?"

"त्याला जेवण म्हणतात? भात होता का त्यात?"

आमच्याकडे असंच आहे. भाताखेरीज पोटात गेलेलं कोणी धरत नाही. पोट मात्र धरतं. मग हा संध्याकाळी ढीगभर भात माझ्या मिरचीबरोबर ओढायचा आणि लगेच आडवा व्हायचा. एके दिवशी पोट धरून जो वाकला, तो सरळ होईना.

पोट जळलं की आमच्याकडे हळदीचा रस देतात. वार्सिनीने ओली हळद आणली आणि वाटली कशात? माझ्यात. गाळून प्रेमाने वाटी दिली. एका घोटात सुगिमान कळवळला.

"मिरची घातलीस यात?"

"हळदच आहे हो. तुमच्या आईची शपथ."

"मग आईच जाळतेय मला."

वार्सिनीने माझ्यावरून बोट फिरवून चाटलं. मला उचललं आणि मागे विहिरीशी ठेवून आली. ताकीद म्हातारीची, वाटणारी वार्सिनी, खाणारा सुगिमान. घराबाहेर मात्र मी.

पुढचं सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं. दवाखान्यातल्या बाईने सांगितलेलं वार्सिनी रोज त्याला ऐकवायची. "थोडं थोडं खा, पण वेळेवर. आधी पेज घ्या. कॉफीकडे बघू नका. जेवून लोळू नका, मशीन काही पळून जात नाही." तो कुरकुरायचा, पण खायचा. हळद वाटायला नवी लाकडी कुंडी आली. तिचा आवाज कसला, उंदीर कुरतडल्यासारखा. माझ्यात पावसाचं पाणी साचलं, कोंबड्या पिऊन जायच्या. दर पावसात माझा वास थोडा थोडा जायचा. हाक मारायलाही कोणी नव्हतं.

मग एका दुपारी सुगिमान आला. गाल भरले होते. हातात एक लाल मिरची आणि मीठ होतं. माझ्यातलं पाणी त्याने ओतलं, मिरची ठेवली. मला वाटत होतं, वाट. एकदाच वाट, बाळा. तो कितीतरी वेळ बसून राहिला. मग पोटावर हात ठेवला, मिरची कुस्करून मातीत टाकली, मला पुसून भिंतीला पालथी टेकवलं आणि आत गेला.

आतून वार्सिनी म्हणाली, "कुठे होतात? पेज निवतेय."

"आईकडे जाऊन आलो," तो म्हणाला.

मित्रांनो, भजी खाल्लीत तर खाल्ली म्हणा, पोटाशी खोटं बोलू नका. भूक लागली की जेवा, ती अंगावर काढू नका. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी बाहेर ठेवलेली असेल, तर तिला निदान पालथी ठेवा. पाणी साचलं की फार जड वाटतं.

त्या मातीतून एक रोप उगवलंय, अगदी मला लागून. यंदा त्याला मिरच्या धरल्या. पिकून लाल झाल्या आहेत. एकेक करून माझ्या पाठीवर गळून पडतात.