हरणाच्या खांद्याचं गिऱ्हाईक

स्पेसार्टच्या जंगलात हरणं वाढली की बीच वृक्षांच्या कोवळ्या रोपट्यांचा फडशा पडतो. म्हणून जंगलखातं दर हंगामात काही हरणं मारतं. ती सोलून, कापून, चौकीमागच्या थंड खोलीतून विकायचं काम हिल्मार श्वेंककडे होतं. विक्री फक्त शुक्रवारी. एरवी त्याच्याशी बोलायला कोणी नसे, आणि बायको गेल्यापासून त्याला स्वतःशी बोलायचाही कंटाळा आला होता.

शुक्रवारी डीट्सबाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, बसने येणाऱ्या. बाकीची गिऱ्हाइकं पुडकं घेतलं की पाठ फिरवत. बाई मात्र थांबत. हिल्मार त्यांच्यासाठी खांद्याचा चांगला तुकडा आधीच बाजूला काढून ठेवी आणि वर कृतीही सांगे. ताकात दोन दिवस मुरू द्या, ज्युनिपरच्या झुडपाची वाळकी फळं ठेचून घाला, घाई अजिबात नको. त्या मन लावून ऐकत. पुढच्या खेपेला तो विचारी, "कसं झालं?"

"भांडं चाटूनपुसून लख्ख!"

एवढ्यावर गडी अख्खा आठवडा काढायचा.

या शुक्रवारी त्याने मनाचा हिय्या केला होता. घरी खांदा मंद आचेवर शिजत होता, टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. जेवायला या, एवढंच म्हणायचं. साठी उलटलेल्या माणसाला त्याचीही धडकी भरावी म्हणजे कमाल झाली.

बाई आल्या, पण पिशवी न घेता.

"आज काही नको, हिल्मार. आता माझ्यासाठी तुकडा ठेवू नका, एवढं सांगायला आले."

"का हो? काही चुकलं माझं?"

"छे! ते मटण ब्रूनोसाठी असायचं. माझा कुत्रा. दुसरं कुठलंच मटण त्याला सोसायचं नाही, अंगभर खाज सुटायची. मी तर लहानपणापासून मटणाला शिवत नाही."

हिल्मारची कानशिलं तापली. "म्हणजे मी इथे घसा कोरडा करतोय, आणि ताट कुत्र्याच्या पुढ्यात? थाट आहे बुवा! आमच्या साहेबांच्या नशिबीही असलं जेवण नाही."

"मी नुसतं उकडून द्यायचे. तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात, मला मोडता घालवेना." बाईंनी रिकामे हात कोटाच्या खिशात घातले. "सोमवारी गेला तो."

हिल्मारला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. "मला... ठाऊक नव्हतं."

"कसं असणार? फोनवरही सांगता आलं असतं म्हणा. पण म्हटलं, जाऊन यावं."

आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मागचं गिऱ्हाईक खाकरलं. हिल्मारला कळत होतं की हीच वेळ. घरी बटाटे आहेत, लाल कोबी आहे, मटण राहू द्या, तुम्ही या. पण आत्ताच टोमणा मारलेल्या तोंडाने आमंत्रण कसं द्यायचं?

"पुढच्या शुक्रवारी," तो म्हणाला, "मोठं हरीण येणार आहे."

बाई कसंनुसं हसल्या. "आता कोणासाठी घेऊ हो?"

त्याने मागच्या गिऱ्हाइकाचं पुडकं पुढे ओढलं. मग म्हणाला, "तेही खरंच."

बाई गेल्या. बस यायला बराच वेळ लागला. बसथांबा खिडकीतून समोरच दिसत होता, बाई तिथे एकट्याच उभ्या होत्या, आणि हिल्मार तेवढा सगळा वेळ दुसऱ्यांचं मटण तोलत राहिला.