दक्षिणेकडे पाय

हरिभाऊंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दुर्गाबाई रडली नाही. रडायला घरात बाकीचे होते. तिनं ओटीलगतच्या चिंचोळ्या खोलीत नवऱ्याचा पलंग लावून घेतला. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, जित्या माणसाला शोभेल असा. त्यापायी उजवं अंग भिंतीला आलं. येणारे-जाणारे, पेज भरवणारी दुर्गाबाई, सगळे डावीकडे.

तिथंच घोडं अडलं. हरिभाऊ शुद्धीत होते, बोलत होते, पण भिंतीकडे बघून विचारायचे, ही कुठं गेली? दुर्गाबाई हाताच्या अंतरावर बसून म्हणायची, अहो, ही काय इथं. ते आणखी भिंतीकडेच वळायचे, आणि मग मुलाला, अजेयला, सांगायचे की तुझी आई रुसून बोर्लीला माहेरी गेली वाटतं. पेज तोंडात जायची, भरवणारी मात्र कुठं नव्हतीच.

डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे. मग दुर्गाबाईनं एकच अर्थ लावला. जन्मभर आपण जिभेनं सोलून काढलं, त्याचा वचपा म्हातारा आता काढतोय. "नका बघू," तिनं सुनावलं, "मी काय नवी नवरी आहे मुखडा दाखवायला?" आणि पेजेची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली.

पुण्याहून नात आली, क्षिप्रा. ती मानसशास्त्र शिकत होती. चौथीतच पाटी खाली ठेवलेल्या दुर्गाबाईच्या मते ते शास्त्र म्हणजे लोकांच्या घरात डोकावायचा परवाना. पोरगी आजोबांजवळ बसली आणि म्हणाली, डोळे मिटा, ओटीवर उभे राहा, समोर वाडीचं फाटक, काय काय दिसतं ते सांगा.

हरिभाऊंनी विहीर सांगितली, फणस सांगितला, नारळाची रांग सांगितली आणि थांबले. स्वतःच्या हातानं लावलेल्या सुपाऱ्या गाळल्या, गोठा गाळला. दुर्गाबाईनं कपाळावर हात मारला.

"आता फाटकातून आत या," क्षिप्रा म्हणाली. "घराकडे तोंड करून."

हरिभाऊ मिटल्या डोळ्यांनी हसले. आता सुपाऱ्या आल्या, गोठा आला. विहीर गेली, फणस गेला. "आणि गोठ्यापाशी ही उभी," ते म्हणाले. "तोंडाचा पट्टा चालू."

दुर्गाबाईचा कपाळावरचा हात खाली आला.

क्षिप्रानं मग तिला ओटीवर बसवून समजावलं. एके काळी विद्वान म्हणायचे, मन काही दिसत नाही, माणूस करतो काय तेवढंच मोजा. त्या हिशेबानं आजोबा तुझ्याकडे बघत नाहीत, विषय संपला. पुढे काही जण हट्टाला पेटले, की बघणं आणि वागणं यांच्या मधे आत काहीतरी घडतं. मन काय टिपतं, काय साठवतं, कसलं चित्र काढतं, हे पकडायला त्यांनी असले प्रश्न शोधले. आज दवाखान्यात विचारतात ते त्यांचेच. आजोबांचे डोळे धड आहेत. डावी बाजू म्हणून काही असते हेच त्यांच्या मनातून पुसलंय. मिटल्या डोळ्यांच्या वाडीतूनसुद्धा. ओटीवरून गोठा डावीकडे, म्हणून गेला; फाटकातून तोच उजवीकडे, म्हणून आला.

"म्हणजे मुद्दाम नाही करत?"

"नाही गं, आजी."

"आणि मी आहे त्यांच्या मनात?"

"आहेस. गोठ्यापाशी."

बरे होतील का, यावर पोरगी खोटं बोलली नाही. म्हणाली, सांगता येत नाही. पण पलंग फिरवला तर तू उजवीकडे येशील.

फिरवला म्हणजे पाय दक्षिणेला, यमाच्या दारात. मधोमध ओढायला खोलीत जागा नव्हती. बँकेत साहेब असलेला, परदेश बघून आलेला अजेयच आधी बिथरला. काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील? दिवेलागणीला केरसुणीला हात लावू न देणारी दुर्गाबाई पदर खोचून उठली.

"धर तिकडून. पाप माझ्या नावावर."

पलंग फिरला. ती उजव्या अंगाला जाऊन बसली. हरिभाऊंनी तिला न्याहाळलं.

"आलीस बोर्लीहून?"

"आले."

"किती दिवस लावलेस."

एरवी याला तिच्याकडे दहा उत्तरं असती. आज तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. हरिभाऊ उजव्या हातानं पोटावर चाचपत होते. आपलाच लुळा डावा हात त्यांना सापडला, आणि ते दचकले. "हा कुणाचा हात ठेवलाय इथं? गार पडलाय."

"माझाच," दुर्गाबाई म्हणाली. "राहू दे."

आंबे उतरायच्या आत दुसरा झटका आला. प्रेताचे पाय दक्षिणेला करायला माणसं पुढे झाली, तर ते आधीच तिकडे होते. आळीतल्या बायका हलक्या आवाजात बोलल्या, पण दुर्गाबाईला ऐकू जाईल इतपत. ते तिनं पचवलं.

अजेय काहीच बोलला नाही. अजून बोलत नाही. दुर्गाबाई त्याला उजवीकडून वाढते, डावीकडून वाढते. तो ताटात बघून जेवतो आणि उठतो. त्याची नजर शाबूत आहे, मनही धड आहे.