गोदीची हाक

आमच्या घरात कोंबड्यांची बारशी आधी झाली आणि माझं नंतर. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. कोंबड्या एका हाकेत घरी यायच्या, मला चार लागायच्या.

आमचं गाव ईट, भूम तालुक्यातलं. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. माझे वडील महारुद्र बार्शीच्या बाजाराला गेले की काहीतरी नको ते घेऊन यायचे. एका खेपेला त्यांनी पांढराशुभ्र विलायती कोंबडा आणला. तुरा एवढा मोठा, की एका डोळ्यावर पडलेला. नाक्यावर जकात नको म्हणून घोंगडीत गुंडाळला, तर तो बेटा नेमका नाकेदारासमोर आरवला. नाकेदार पोट धरून हसला. "अंग्रेजी मुर्गा है, इसकू उर्दू सिखाव," म्हणाला आणि सोडून दिलं.

त्याला उर्दू काही आली नाही, पण आमच्या गावरान कोंबड्यांशी त्याचं चांगलं जमलं. पुढं जी पिल्लं निघाली त्यांचा ना आईशी मेळ, ना बापाशी. एकीची मान उघडी आणि अंग पांढरं, एक काळी पण शेपटी उसनी आणल्यासारखी, एक तर नुसती मातीच्या रंगाची, वर बापाचा तुरा. आळीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. "अर्धी मोगलाई, अर्धी इंग्रजी," म्हणून हसायच्या.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती, गोदा. नाव ठेवलं होतं आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, म्हाळसाबाईनं. "नदीवानी लांब जाईल लेक," असं ती बारशाला म्हणाली होती. गोदा रांगायला लागली, हाक मारली की घरात कुठंही असली तरी दाराशी यायची, आणि एका उन्हाळ्यात तापानं गेली. त्यानंतर ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही. आई कामाला कुठं कमी पडत नव्हती, पण विचारल्याशिवाय बोलत नव्हती. आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

आजीनं मनाशी धरलं होतं, की चूक आपलीच. देखणं नाव ठेवलं, दृष्ट लागली. आमच्याकडं एक लेकरू गेलं की पुढच्याचं नाव मुद्दाम ओंगळ ठेवतात. जन्मल्यावर त्याला उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं, आणि तिच्याकडून पसाभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. म्हणजे मरणाला वाटतं, इथं नेण्यासारखं काही नाही. आजीनं ही युक्ती आधी पिल्लांवर करून पाहिली, कारण घारीचा फार उपद्रव होता.

"ही धोंडी. ही शेणी. ही उकिरडी," एकेक पिल्लू उचलून ती आईला दाखवायची. "घार म्हनंल, शेन कशाला न्यायचं?"

आणि घारीनं खरंच एकही नेलं नाही. वडील गोफण घेऊन दारात बसायचे, हे आजी हिशेबात धरत नसे.

शेवटी एक पिल्लू उरलं. पांढरं, मानेवर बारीक काळे ठिपके, बघत राहावं असं.

"हिला काय म्हनायचं? तू सांग अयोध्ये," आजी आईला म्हणाली.

"हिला नाव नगं."

"आगं, मग हाक कशी मारायची?"

"नगं, आत्याबाई." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "नाव ठिवलं की जीव लागतुया." मग म्हणाली, "ह्या पोटातल्याचंबी ठिवू नका. चांगलं न्हाय, ओंगळ न्हाय. काईच नगं."

आजीनं धसकाच घेतला. ओंगळ नावाचं लेकरू जगतं हे तिला ठाऊक होतं. बिननावाच्या लेकराचं काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पांढरी तशीच वाढली. दिवस मावळायला आला की आजी दारात उभी राहून हाका मारायची, "धोंडेऽ, शेणेऽ, उकिरडेऽ," आणि त्या पळत येऊन तुराट्यांच्या डालग्याखाली शिरायच्या. पांढरी त्यांच्या मागं मागं यायची. डालगं झाकताना आई आधी पांढरी आली का ते बघायची. आजीच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. जीव लागायचा तो लागलाच होता, नावावाचून काही अडलं नव्हतं.

एक दिवस पांढरी आली नाही. अजून उजेड होता. "यील. खात आसंल कुटंतरी," आजी म्हणाली. आईनं ऐकलं नाही. दिवस भरत आलेले, तरी कमरेवर हात ठेवून ती गल्लीत गेली, उकिरड्यापाशी, आडापाशी, तिथून खळ्याकडं. आजी मागोमाग. आई कोंबड्यांना करतात तसा तोंडानं आवाज करत होती, आणि त्या आवाजाला साऱ्या आळीच्या कोंबड्या गोळा होत होत्या. हवी होती ती तेवढी येत नव्हती.

खळ्यात कडब्याच्या गंजीपाशी आई उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "काय म्हनून हाक मारू हिला?"



मग आईनं हाक मारली. "गोदेऽ." आणि तोंडातून एकदा बाहेर पडल्यावर तिला ते थांबवता येईना. "गोदेऽ, ये गं माझे बाय. घरला ये, गोदेऽ." आजी मला सांगायची, "म्या तितंच मातीत बसले." गोदा गेली तेव्हा आई रडली नव्हती. ती त्या दिवशी रडली, हाका मारत मारत.

गंजीच्या बुडाशी खसखसलं. पांढरी आत चोरून अंडी घालून त्यांवर बसली होती. ती हाकेला बाहेर आली नाही. उलट आपल्याला त्रास दिला म्हणून अंग फुगवून आईवरच कुरकुरली. आईनं तिला उठवलं नाही. शेजारी बसून राहिली.

"गोदीच म्हनू मग हिला," आजी म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली.

वडिलांनी डालगं आणून तिथंच तिच्यावर पालथं घातलं.

पुढं मी जन्मले. आजीनं मला उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या नागूबाईनं उचललं, आणि पसाभर कोंड्याला मी घरात आले. बारशाला आजीनं आईला भीत भीत विचारलं, "ठिवू का नाव?" उभ्या जन्मात ती सुनेला भ्याली ती तेवढीच.

"ठिवा, आत्याबाई. हाक माराया लागंल."

वडिलांना बहीण नव्हती, म्हणून आजीनंच माझ्या कानात सांगितलं, कोंडाबाई. नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायचा रिवाज आहे. म्हाळसाबाईच्या पाठीत धपाटा घालायची छाती आळीत कुणाची झाली नाही. शेवटी आईनं घातला, हलकेच, आणि हात तसाच पाठीवर ठेवला.

माझ्या नावाला कुणी हसलं तर मला राग यायचा, अजूनही येतो. त्या नावानं मला रोज संध्याकाळी घरी बोलावलं आहे. आता हाका आई मारायची. "धोंडेऽ, शेणेऽ, उकिरडेऽ, गोदेऽ, कोंडेऽ." सगळ्यांत शेवटी मी, आणि सगळ्यांत उशिरा येणारीही मीच.

गोदी म्हातारी होऊन मेली. तिच्यावर सुरी धरायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या संध्याकाळी आई दारात आली, एकेकीला हाक मारत गेली आणि सवयीनं "गोदेऽ" म्हणून बसली. पुढची हाक तिला मारवेना. मी समोर मातीत खेळत होते. मला काही कळत होतं असं नाही, पण आई हाक मारून उभी आहे आणि कुणी येत नाही, हे मला बघवेना. मी तिथूनच म्हणाले, "ओ."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोंडेऽ." मी परत ओ दिली.

त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत आई रोज दोन हाका मारायची, आणि दोन्हींना मी ओ द्यायचे.