मला तहान लागू द्या

मी एक जुने संत्र्याचे झाड आहे. वरूडजवळ खुशालरावांच्या बागेत, अगदी त्यांच्या घराला लागून उभे आहे. मित्रांनो, झाड बोलायला लागले की ते पाणीच मागणार, असा तुमचा समज असेल. माझे गाऱ्हाणे उलटे आहे.

आम्हाला तोंड नाही, पण आमचा सगळा कारभार निरोपांवर चालतो. शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे मिटलेल्या कोंबांना, बजावतो, 'गप्प बसा, आधी मी वाढणार.' माती सुकली की मुळे पानांना कळवतात, 'पाणी संपले, तुमच्या बारीक छिद्रांची दारे लावा.' आमच्या रसातून जाणाऱ्या या निरोपांना शिकलेले लोक संप्रेरके म्हणतात. म्हणून तर आमच्याकडे हिवाळ्यात बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. वाढ थांबते, झाड आतल्या आत फुलांची तयारी करते आणि पुन्हा पाणी मिळाले की फुलांनी पांढरेशुभ्र होते.

१९५८ साली जयवंताबाई अकोल्याकडच्या कपाशीवाल्या घरातून इथे सून म्हणून आल्या. तेव्हापासून हिवाळा सरला की बाग घमघमायची आणि मी नुसते हिरवेगार. तिसऱ्या वर्षी खुशालराव कुऱ्हाड घेऊन आले.

"तोडतो याले. फुकटचं खाऊन राह्यलं."

जयवंताबाई आडव्या आल्या. "काहून तोडता? तुमी त्याले तहानलेलं ठेवता. मी नसती तं कवाचंच वाळलं असतं!"

"म्हंजे? काय केलं तुनं?"

"ताणात रोज सांजच्याले भांड्याचं पाणी टाकलं. चोरून. पानं गळताना पाहवत नाई मले."

खरे होते. सकाळी मुळे सांगत, 'दारे लावा.' संध्याकाळी भांड्याचे पाणी आले की सांगत, 'उघडा.' पाने वैतागून गेली होती. फुलांचा विषय निघायला सवडच नव्हती.

खुशालरावांनी कुऱ्हाड खाली टाकली. "अवं, तीन वर्सं मी झाडाले शिव्या देऊन राह्यलो, अन् चोर माह्याच घरात!"

"पान्यानं कोनाचं नुसकान होते का?"

"यंदा थेंब टाकू नको. तरी फुललं नाई तं कुऱ्हाड तूच चालव."

त्या हिवाळ्यात जयवंताबाई माझ्याकडे पाठ करून भांडी घासत. अखेर खुशालरावांनी पाणी सोडले आणि मी असे फुलले, की खाली उभ्या जयवंताबाईंच्या डोक्यावर पाकळ्यांचा सडा पडला. त्या रडल्या. ते पाणी मात्र मी आनंदाने घेतले.

पुढच्याच हिवाळ्यात, ताण चालू असताना, पाहुणे आलेले अचलपूरचे मामाजी जेवून माझ्या बुडाशी हात धुवायला वाकले. आतून जयवंताबाई ओरडल्या, "मामाजी, तिकडं! मारता का माह्या झाडाले?"

मित्रांनो, झाडांवर माया जरूर करा. पण ओंजळ रिकामी करण्याआधी, झाडाला काय हवे ते एकदा विचारून घ्या.